साहेबांच्या गळ्यातला शंकू

साहेबांच्या मानेचा घेर सव्वाबारा इंच होता. स्वतःचा रक्तगट मला अजूनही फॉर्म भरताना आठवावा लागतो, पण हा आकडा डोक्यात पक्का बसला आहे. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. परवा आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या मुलीचा कुत्रा गळ्यात पारदर्शक प्लास्टिकचा शंकू घालून उभा होता. ‘‘ऑपरेशन झालंय, काकू. जखम चाटू नये म्हणून कोन लावलाय. ऑनलाइन मागवला, दहा मिनिटांत आला,’’ ती म्हणाली. मी ‘‘छान आहे हो’’ म्हणाले आणि माझा मजला आला तरी उतरले नाही. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्या बाईचा गोंधळ झाला. गोंधळबिंधळ काही नव्हता. कुत्रा वळला तेव्हा त्या प्लास्टिकमध्ये मला माणसाच्या मांडीचं हाड दिसलं, आणि ते तिथे नाही हे मला व्यवस्थित माहीत होतं. म्हणून हे प्रकरण आता लिहून टाकते.

तेव्हा आम्ही शनिवार पेठेत राहायचो. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्यावर उघडणारी चिंचोळी गॅलरी. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. आई घरी बसून पोलकी शिवायची, त्यामुळे आमच्या घरात दिवसभर मशीनची खडखड असायची. ती थांबली की आम्ही पुस्तकातून डोकं वर काढून बघायचो, काय झालं म्हणून. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. लोणी काळभोरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचा आणि रोज मोटरसायकलवरून जायचा-यायचा. एकदा गाडी दुरुस्तीला होती म्हणून तो बसने स्वारगेटला उतरला आणि डब्याच्या पिशवीत एक पिल्लू घेऊन घरी आला. कॉलेजमागच्या शेतातल्या म्हाताऱ्याने ते त्याच्या हातात ठेवलं होतं. ‘‘घेऊन जावा की सायेब, लई गुणी हाय,’’ असं तो म्हणाला, हे दादाने आम्हाला नक्कल करून दाखवलं, आणि तेव्हापासून पिल्लाचंच नाव साहेब पडलं. बाबांनी पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ते त्याला अहोजाहो करायला लागले. ‘‘साहेब, आत येताय की दार लावून घेऊ?’’ असं ते विचारायचे, आणि साहेब आपल्या सवडीने आत यायचे.

मी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा दादा गेला. छातीचं दुखणं निघालं, दोन महिने आम्ही धावपळ केली आणि संपलं. याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही. लिहायला बसले तर दवाखान्यातल्या पंख्याचा आवाजच तेवढा लिहीन. त्यानंतरच्या घराबद्दल मात्र लिहायला हवं. आई कणीक चौघांचीच मळायची. उरलेली पोळी दुधात कुस्करून साहेबांच्या ताटलीत जायची, त्यामुळे दादाच्या वाटणीची पोळी रोज कोणीतरी खात होतं आणि रोज ताटली चाटून लखलखीत होत होती. संध्याकाळी पावणेसातला, दादाच्या यायच्या वेळेला, साहेब दारापाशी जाऊन बसायचे. आम्ही तिघंही त्या वेळी काहीतरी काम काढायचो, पण कान सगळ्यांचे जिन्याकडे असायचे. हे मी आज कबूल करते. एका शिकलेल्या घरातली तीन मोठी माणसं एका कुत्र्याच्या भरवशावर रोज पावणेसात वाजता वाट बघत होती.

दादाच्या गाडीसारखा आवाज करणाऱ्या गाड्या पुण्यात काही थोड्याथोडक्या नव्हत्या. एका दुपारी तसाच आवाज खालून गेला, दार उघडं होतं, आणि साहेब जिना उतरून थेट रस्त्यावर गेले. स्कूटरने त्यांना उडवलं. मागच्या डाव्या मांडीची कातडी वीतभर सोलून निघाली होती. बाबांनी त्यांना चादरीत गुंडाळलं आणि आम्ही रिक्षाने स्वारगेटजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी तासभर टाके घातले. मग हात धुता धुता म्हणाले, ‘‘हे बघा, कातडी ओढून ओढून शिवली आहे. याने चाटून टाके तोडले तर एकदा मी कसंबसं पुन्हा शिवीन, त्याच्यापुढे शिवायला कातडीच नाही. मग पाय काढावा लागेल. गळ्यात कोन घालायलाच हवा. तयार कोन माझ्याकडचे संपलेत, मुंबईहून यायला आठवडा. जुना एक्स-रे असेल ना घरी? त्याचा करा. सगळे तोच करतात.’’

जुना एक्स-रे घरी होता. म्हणजे दोन होते, एकाच खाकी पाकिटात, कपाटावर. एक दादाच्या मांडीचा, कॉलेजात असताना गाडीवरून पडला होता तेव्हाचा. दुसरा छातीचा, जाण्याच्या दहा दिवस आधीचा. दवाखान्यातून आल्यापासून ते पाकीट कोणी उघडलं नव्हतं, पण आई दर शनिवारी त्याच्यावरची धूळ पुसायची. मी स्टुलावर चढून ते काढलं तेव्हा मशीन थांबलं.

‘‘कशाला हवंय?’’ आई म्हणाली.

मी सांगितलं. तिने पाकीट माझ्या हातातून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून बसली.

‘‘मांडीचा घे,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘छातीच्याला हात लावायचा नाही. तो त्याचा शेवटचा फोटो आहे, नंदे.’’

‘‘अगं, एका फिल्ममध्ये बसणार नाही बहुतेक,’’ बाबा हळूच म्हणाले.

‘‘ही इंजिनियर होणार आहे ना?’’ आई म्हणाली. ‘‘बसवू दे की.’’

मला ते टोचलं आणि बरंही वाटलं. घरात त्या काही महिन्यांत माझ्याकडून कोणी काही मागितलं नव्हतं. मी वही घेऊन गॅलरीत बसले. पहिल्या वर्षाच्या गणितात आम्ही नेमकं हेच शिकत होतो. एखादी राशी एकाच गोष्टीवर नाही, दोन-तीन गोष्टींवर अवलंबून असते; एकीला धरून ठेवायचं आणि दुसरीला जरासं हलवून काय होतं ते बघायचं, मग उलट करायचं. साहेबांच्या कोनात मान ठरलेली होती. बदलता येण्यासारख्या गोष्टी दोन, कोनाची लांबी आणि त्याच्या तोंडाची रुंदी. तोंड जास्त फाकवलं तर लांबी कमी चालते, लांबी वाढवली तर तोंड आवळता येतं, आणि दोन्हींमुळे फिल्म लागते. अट एकच, जीभ टाक्यांपर्यंत पोचता कामा नये. या अटीत राहून कमीत कमी फिल्म कशी लागेल? याला एक रीत आहे. अटीला एका अज्ञात आकड्याने गुणून मूळ राशीत मिसळायचं. त्या आकड्याला लॅम्डा म्हणतात, आणि मुलं रीतीलाही लॅम्डा मेथडच म्हणतात. मी आईच्या टेपने साहेबांना मापलं. बाबांनी त्यांना उभं धरलं, मी मान मोजली, मानेपासून नाकापर्यंत मोजलं, नाक मागे वळवून जखमेपर्यंतचं अंतर मोजलं. साहेब बिचारे आम्ही मान वळवू तशी वळवून देत होते. वहीची सहा पानं भरली, आणि उत्तर आलं ते पाहून मी ओरडलेच. सपाट पसरल्यावर कोनाच्या दोन सारख्या पाकळ्या होत होत्या आणि त्या एकीखाली एक ठेवल्या तर चौदा बाय सतरा इंचांच्या एका फिल्ममध्ये काठोकाठ बसत होत्या.

आईने पाकळ्यांचा कागदी नमुना हातात घेतला, फिल्मवर ठेवून बघितला. ‘‘माया किती सोडलीस?’’ तिने विचारलं. शिवणात जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आमच्याकडे माया म्हणतात. पुढेमागे उसवायची वेळ आली तर कामाला येतं. मी म्हटलं, ‘‘हे गणित आहे आई, पोलकं नाही. लागतं तेवढंच आहे.’’ तिने आपली कापडाची कात्री, जिने आम्हाला कधी कागदसुद्धा कापू दिला नव्हता, ती आणून माझ्यासमोर ठेवली. मी कापलं. बाबांनी कचेरीतून आणलेल्या पंचिंग मशीनने कडेला भोकं पाडली, नाडी ओवली, काठाला चिकटपट्टी लावली. साहेबांच्या गळ्यात तो कोन इतका नेटका बसला की बाबा म्हणाले, ‘‘साहेब, आता एक भाषण होऊन जाऊ द्या.’’ कितीतरी दिवसांनी आम्ही तिघंही हसलो. मला वाटलं, मी घर वाचवलं. खरोखर असंच वाटलं.

पण कोन घातल्यावर घर आणखी विचित्र झालं. त्या काळ्या फिल्मच्या भिंतींमुळे साहेबांना बाजूचं काही दिसेना. ते दारांना, कपाटाला, मशीनच्या पायाला धडकायचे, आणि फिल्मचा तो वबवब आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहायचा. सकाळी गॅलरीतून ऊन यायचं तेव्हा ते त्या उन्हात उभे राहिले की कोन उजळायचा आणि त्याच्या एका बाजूला दादाच्या मांडीचं हाड स्पष्ट दिसायचं, मोडलेल्या जागेच्या रेघेसकट. दुसऱ्या पाकळीत गुडघा होता. मी एकदा आईला पोळी लाटता लाटता थांबलेलं पाहिलं. साहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते आणि फरशीवर त्या हाडाची फिकट सावली पडली होती. साहेब हलले, सावली तिच्या पायापर्यंत आली, आणि आईने पाय मागे घेतला. मग पुन्हा पुढे ठेवला, सावलीवरच, आणि तशीच उभी राहिली. मी न बघितल्यासारखं केलं. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी साहेबांनी तिथून हलू नये असंही वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून आले तर साहेब दादाच्या कॉटखाली होते आणि कॉटखालून रक्ताचा ओघळ आला होता. माझी चूक मला तिथेच, गुडघ्यांवर बसल्या बसल्या कळली. मी कुत्रा मापला होता उभा. बाबांनी धरलेला, माणसांना बरं वाटावं म्हणून शहाण्यासारखा उभा राहिलेला. अंग गोल करून, मागचा पाय तोंडाशी आणून झोपलेला कुत्रा मी मापलाच नव्हता. ते अंतर दीड-दोन इंचांनी कमी होतं. पुढे तीस वर्षं मी हाच विषय शिकवला. मुलं लॅम्डा काढतात, उत्तर मिळालं की त्याच्यावर काट मारतात, आणि मी दर वर्षी वर्गात चिडते. त्या आकड्याला अर्थ असतो. अट एका इंचाने चुकली तर तुम्हाला किती जास्त द्यावं लागेल, ते तो सांगतो. माझ्या वहीत तो आकडा निघाला होता, चांगला मोठा निघाला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण मला एकाच फिल्ममध्ये बसवायचं होतं. वर्गात मी हे कधी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा शिवलं. या वेळी ते रागावले होते. ‘‘आता शेवटचं,’’ ते म्हणाले. ‘‘याच्यापुढे पायच काढणार मी. चांगला तीन-चार इंचांनी वाढवा तो कोन. आणि धुऊन का नाही घेतला? गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून फिल्म भिजवायची, वरचा काळा थर निघून जातो, काचेसारखी होते. याला काही दिसत नाही म्हणून हा घाबरतोय आणि घाबरून जखमेकडे जातोय.’’

घरी येईपर्यंत रिक्षात मी आईकडे बघितलं नाही. तीन-चार इंच वाढवायचे म्हणजे दुसरी फिल्म, आणि दुसरी फिल्म कोणती ते तिला माहीत होतं. दुसऱ्या एखाद्या घरातून जुना एक्स-रे मागून आणता आला असता, हे आज कोणीही म्हणेल. मीही तेव्हा तेच म्हणाले. ‘‘खालच्यांना विचारते,’’ असं म्हणून मी चपला घालत होते.

‘‘कुठे जाऊ नकोस,’’ आई म्हणाली. ‘‘त्याचा कुत्रा आहे.’’

तिने पाकीट उघडलं आणि छातीची फिल्म गॅलरीच्या दारात उजेडापुढे धरली. तिने ती आधी कधीच पाहिली नव्हती. डॉक्टर दाखवायचे तेव्हा ती बाहेर बाकावर बसायची.

‘‘हे पांढरं काय?’’

‘‘बरगड्या. आणि हे हृदय.’’

‘‘आणि हे काळं?’’

‘‘हवा,’’ मी म्हटलं. ‘‘फुप्फुसातली. फोटो काढताना श्वास धरून ठेवायला सांगतात.’’

आईने फिल्म आणखी वर धरली. ‘‘म्हणजे हा त्याने धरलेला श्वास आहे,’’ ती म्हणाली. ‘‘किती वेळ धरून राहणार ग तो?’’

मी रडायला लागले. ती रडली नाही. तिने गॅसवर मोठं पातेलं ठेवलं, पाणी तापवलं, निळ्या बादलीत ओतून सोडा घातला, आणि फिल्मची सुरळी करून बादलीत सोडली. मग मोरीत पाटावर बसून तिने ती बोटांनी चोळली. लहानपणी ती आम्हाला अशीच पाठ चोळून आंघोळ घालायची, हलक्या हाताने आणि सगळीकडून. आधी कोपऱ्यातलं दादाचं नाव गेलं. मग एकेक बरगडी. पाणी काळं होत गेलं. शेवटी तिने फिल्म बाहेर काढली तेव्हा तिच्यातून मला मोरीचा नळ दिसत होता. मांडीच्या पाकळ्याही तिने त्याच पाण्यात धुतल्या. मग पदराला हात पुसून ती मशीनपाशी बसली आणि म्हणाली, ‘‘जुन्याच कोनाला खालून झालर लावू. तीन तुकडे लागतील. सांग, कसे कापू.’’ मी आकडे सांगितले आणि तिने प्रत्येकात दोन बोटं जास्त धरून कापलं.

पण ते पाणी तिने मोरीत ओतलं नाही. बादली मोरीच्या कोपऱ्यात सरकवली आणि वर ताट झाकलं. बाबा सहाला आले, हातपाय धुवायला गेले आणि ‘‘हे काय?’’ म्हणाले. ‘‘राहू दे,’’ आई म्हणाली. त्यांनी साहेबांच्या गळ्यातल्या काचेसारख्या कोनाकडे पाहिलं, रिकाम्या पाकिटाकडे पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. तीन दिवस आम्ही पातेल्यात पाणी घेऊन, त्या बादलीला शिंतोडा लागू नये म्हणून अंग चोरून आंघोळी केल्या. चौथ्या दिवशी मी उठले तर बादली घासून गॅलरीत पालथी घातलेली होती. आईने मनावर दगड ठेवून ओतलं असणार, असं मी धरून चालले आणि विचारायची हिंमत केली नाही. साहेबांचा पाय वाचला. पुढे बारा वर्षं ते आमच्याकडे होते, थोडे लंगडत, आणि पावणेसातला दारापाशी बसणं त्यांनी कधी सोडलं ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

बाबा गेले. आई माझ्याकडे राहायला आली. तिला ऐकू कमी यायचं, पण डोकं शेवटपर्यंत स्वच्छ होतं. एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो आणि तिने मान वर न करता विचारलं, ‘‘नंदे, ते बादलीतलं पाणी तू कुठे ओतलंस गं तेव्हा?’’

मी हातातली शेंग खाली ठेवली. मी ओतलं नव्हतं, आणि तिनेही नव्हतं. घरात तिसरं माणूस एकच होतं आणि ते जाऊन आठ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत ते आम्हा दोघींना एका शब्दाने बोलले नव्हते, आणि आता विचारायची सोय नव्हती. आई उत्तराची वाट बघत होती.

‘‘नदीवर नेलं, आई,’’ मी मोठ्याने म्हणाले. ‘‘पहाटे. बाबा होते बरोबर.’’

तिने माझ्याकडे बघितलं.

‘‘तरीच,’’ ती म्हणाली. ‘‘त्या दिवशी त्यांच्या चपला ओल्या होत्या.’’